आधी वाट चालून बघा: खान्देशात मूल शाळेत सुखरूप जावं-यावं म्हणून

शाळेच्या वाटेवर धोका सगळीकडे सारखा नसतो, तो दोन-चार ठिकाणी साचलेला असतो. हायवेच्या दुभाजकातला कट, नाल्यावरची फरशी (पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल), मक्याआड गेलेलं वळण, रेल्वेलाइन, नाहीतर शाळेच्या गेटसमोरची सुटण्याच्या वेळची गर्दी. ही ठिकाणं ऋतूप्रमाणे जागा बदलतात. जूनमध्ये कोरडा असलेला नाला ऑगस्टमध्ये कंबरेएवढा वाहतो आणि दिवाळीनंतर त्याच रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यामुळे रोज सकाळी "सांभाळून जा रे" म्हणून भागत नाही. कुठे सांभाळायचं, कसं सांभाळायचं आणि त्या जागी मोठं माणूस कोण असेल, हे ठरवावं लागतं. पुढचं सगळं पालकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीसाठी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे ठरवण्याचा अधिकार आपल्याच हातात आहे.

वाट चालण्याची पद्धत

जूनच्या मध्याला शाळा उघडते. त्याआधीच्या आठवड्यात एक दिवस मुलाला घेऊन घर ते शाळा पायी चाला. वेळ शाळेचीच हवी आणि पाठीवर भरलेलं दप्तर हवं. मुलाला पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा. ते कुठून आडवं जातं, कुठे पळतं, कुठे कुंपणाच्या फटीतून घुसतं हे तेव्हाच कळतं. मोठ्यांनी बोट धरून नेलं की ही माहिती हाती लागत नाही.

रस्ता ओलांडायच्या प्रत्येक ठिकाणी खाली बसा. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर असतात. तुम्हाला उभ्याने जी गाडी दिसते ती त्याला उभ्या रिक्षेआडून, हातगाडीआडून किंवा उकिरड्याच्या ढिगाआडून दिसत नाही, आणि ड्रायव्हरलाही ते मूल दिसत नाही. अशी आडोशाची जागा सापडली तर ओलांडायची जागाच बदला. वीस पावलं लांब पडलं तरी चालेल.

घरी आल्यावर वहीच्या एका पानावर वाटेचा नकाशा काढा, मुलाकडूनच काढून घ्या. धोक्याच्या जागेला लाल खूण करा. अडचण आली तर जाता येईल अशा घराला, दुकानाला किंवा अंगणवाडीला हिरवी खूण करा, आणि त्या घरच्या माणसाला तसं सांगून ठेवा. पानाची एक प्रत घरात लावा, दुसरी वर्गशिक्षकांकडे द्या. हा कागद पुढे एका वेळी फार उपयोगी पडतो, ते शेवटी येईल.

हीच फेरी वर्षातून आणखी तीनदा करा. पोळ्याच्या सुमारास, कारण तोवर मका-ज्वारी डोक्यावर गेलेली असते आणि वळणं आंधळी होतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर, कारण कापूस, मका, केळी यांची वाहतूक रस्त्यावर असते. आणि सकाळची शाळा सुरू होते तेव्हा.

मुलाला सूचना द्यायच्या त्या घरात जी भाषा बोलली जाते तिच्यातच द्या. अहिराणी, पावरी, भिली, गुजरी, लेवा गणबोली, जी असेल ती. घाबरलेल्या मुलाला पुस्तकी मराठीतलं "मदत करा" आठवत नाही. आपलं नाव, गाव आणि एक मोबाइल नंबर एवढं तोंडपाठ हवं. नंबर दप्तराच्या आतल्या बाजूला लिहा. बाहेर मोठ्या अक्षरात नाव लिहू नका, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

हायवे ओलांडणं

फागण्यापासून मुक्ताईनगरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे जुना ६ नंबर, आणि धुळ्याहून सोनगीर, नरडाणा, शिरपूरकडे जाणारा ५२, म्हणजे जुना ३ नंबर. या दोन्ही रस्त्यांच्या काठाला अशी कितीतरी गावं आहेत की वस्ती एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला. इथे अंदाजाने चालत नाही, थोडं गणित मांडावं लागतं.

चौपदरी रस्त्याची एक बाजू कडेच्या पट्टीसह साधारण साडेआठ मीटर असते. दप्तर घेतलेलं लहान मूल सेकंदाला एक मीटरच्या आसपास चालतं. म्हणजे त्याला आठ-नऊ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात ती २०० मीटर आलेली असते. मूल ओलांडायला निघताना गाडी निदान २०० मीटर लांब हवी, त्याहून जास्त असेल तर बरंच. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही. लांबची गाडी त्यांना थांबल्यासारखी दिसते.

म्हणून खूण ठरवा. ओलांडायच्या जागेपासून गाड्या येतात त्या दिशेला २५० ढांगा मोजत जा. मोठ्या माणसाच्या या ढांगा जवळपास २०० मीटर भरतात. तिथे एखादं लिंबाचं झाड, धाब्याची पाटी किंवा किलोमीटरचा दगड असेल तो पक्का करा, नाहीतर कडेच्या खांबाला चुना लावा. मुलाला सांगायचं ते एवढंच: "गाडी त्या लिंबाच्या अलीकडे असली तर पाय उचलायचा नाही." दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूसाठी दुसरी खूण. पावसात आणि धुक्यात ती खूणच दिसत नसेल तर मोठ्या माणसाशिवाय ओलांडायचं नाही.

इथे नेहमी होणाऱ्या तीन चुका आहेत. पहिली, दुभाजकावर लावलेल्या झाडांतून वाट काढणं. तिथून मूल अचानक पुढे येतं आणि ड्रायव्हरला ब्रेक लावायला वेळच मिळत नाही. कटवरूनच ओलांडा. दुसरी चूक, एकाच दिशेला बघणं. कटजवळ मोटारसायकली सर्रास उलट्या बाजूने येतात, तेव्हा एकेरी बाजूवरही दोन्हीकडे बघायची सवय हवी. तिसरी, अंडरपास असून वरून जाणं. पावसाळ्यात अंडरपासमध्ये पाणी साचतं, मुलं वरून जायला लागतात आणि पाणी ओसरल्यावरही तीच सवय राहते. तिथला निचरा पाऊस सुरू व्हायच्या आत ग्रामपंचायतीकडून साफ करून घ्या.

नववीपर्यंतच्या मुलांना हायवे एकेकट्याने ओलांडू देऊ नका. गावातल्या पालकांची पाळी लावा. रोज दोघं, एक सकाळी, एक सुटताना, हातात लाल झेंडा, अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. मुलं दहा-बाराच्या गटाने न्यायची, आधी गाड्या थांबल्याची खात्री करायची. एक ट्रक थांबला म्हणून निघायचं नाही, त्याच्या पलीकडच्या लेनमधली गाडी त्याला ओव्हरटेक करत येते. रंबल स्ट्रिप (वेग कमी करायला लावणारे आडवे पट्टे), सूचना फलक, दिवे यांच्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून महामार्ग प्राधिकरणाकडे द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही. महामार्गावर अपघात झाला तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

एसटी, सायकल, ट्रॅक्टर

एसटीतून उतरल्यावर गाडीच्या पुढून जायचं नाही, मागूनही जायचं नाही. गाडी निघून जाऊ द्यायची, दहापर्यंत अंक मोजायचे आणि मग दोन्हीकडे बघायचं. मानव विकासच्या निळ्या बसने येणाऱ्या मुलींनाही हेच. गाडी सुटेल म्हणून धावत दांडा धरणाऱ्या मुलाचा पाय मागच्या चाकाखाली जातो. त्याला घरातून पाच मिनिटं आधी काढणं हा एकच उपाय आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पास काढलेला असेल तर मिळेल त्या वाहनाला हात दाखवायची वेळ येत नाही.

सायकल घेताना मुलगी सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. "पुढे वाढेल" म्हणून मोठी सायकल घेतली की ब्रेक मारल्यावर ती कडेला पडते, आणि कडेला टायर असतात. दर सोमवारी दोन्ही ब्रेक, घंटी आणि हवा बघा. मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पायडलला पिवळी पट्टी लावा. ओढणी मागे गाठ मारून कुर्त्यात खोचायची, मागच्या चाकात अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते.

ट्रॅक्टरची ट्रॉली मुलांना फार खुणावते. सायकलवरून एका हाताने ट्रॉली धरून ओढत जाणं, ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या दांड्यावर बसणं, या दोन गोष्टींवर गावात कडक बंदी हवी. ट्रॉली वळते तेव्हा तिची चाकं ट्रॅक्टरच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, आतल्या बाजूने रस्ता कापतात, आणि वळणाच्या आत उभं असलेलं मूल त्यात सापडतं. मुलाला शिकवा, ट्रॅक्टर किंवा वाळूचा डंपर वळताना दिसला की रस्ता सोडून चार पावलं शेतात जायचं. कापसाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधार पडल्यावरही चालतात. ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर टेप लावणं शेतकऱ्याला महाग पडत नाही, समितीने ते पदरमोड करून लावलं तरी हरकत नाही.

शेताकडेच्या पायवाटेने जाणारी मुलं फवारणीच्या दिवसांत वाऱ्याच्या खालच्या बाजूला सापडतात. शेतकऱ्यांशी बोलून ठेवा: शाळा भरताना आणि सुटताना वाटेलगतच्या चार ओळींत फवारणी नको. अंगावर तुषार आले तर कपडे काढून साबणाने अंग धुवायचं, डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवायचे आणि डबा किंवा बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा, कारण उपचार औषधाचं नाव बघून ठरतो.

कालीपिली, ॲपे आणि व्हॅन

शाळेच्या रिक्षेत किती मुलं? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांप्रमाणे बारा वर्षांखालची मुलं असतील तर मंजूर आसनांच्या दीडपटीपेक्षा जास्त नाहीत, आणि बारा वर्षांवरचं मूल म्हणजे पूर्ण एक माणूस. तीन आसनांच्या रिक्षेला दीडपट साडेचार होते, म्हणजे चार मुलं. सात-आठ भरलेली रिक्षा स्वस्त पडते हे खरं, पण ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना मुलं बसली की हँडल पूर्ण फिरत नाही. आडवी आलेली म्हैस चुकवायला हँडल तर पूर्ण फिरायलाच हवं.

ठरवण्याआधी गाडी स्वतः बघा. उजवी बाजू आडव्या नळीने किंवा जाळीने बंद आहे का? दप्तरं बाहेर टांगलेली नाहीत ना? टांगलेलं दप्तर समोरून येणाऱ्या गाडीत अडकलं की रिक्षा उलटते. टायरच्या खाचा झिजून खुणेच्या पट्टीला आल्या का? नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. मुदत संपलेली असेल तर त्या गाडीला मूल देऊ नका. ड्रायव्हरचं लायसन्स हातात घेऊन त्यावरचा वाहनाचा प्रकार वाचा. कालीपिलीच्या टपावर, मागच्या शिडीवर किंवा फुटबोर्डवर एकही मूल नको, एक दिवसासाठीसुद्धा नको.

स्कूल बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवा, असं पालकाने विचारणं यात काही गैर नाही.

शेवटचं मूल उतरल्यावर ड्रायव्हरने किंवा मदतनिसाने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, सीटखाली बघून मगच गाडी बंद करायची. झोपलेलं मूल मागे राहतं. बंद गाडीत दहा मिनिटांत बाहेरपेक्षा साधारण दहा अंशांनी जास्त तापमान होतं. जळगावात एप्रिलमध्ये बाहेरच ४२-४३ असतं, तेव्हा पुढचा हिशोब सांगायला नको.

मोटारसायकलवर मूल मागे बसवायचं, पुढे टाकीवर नाही. ब्रेक लागला की टाकीवरच्या मुलाचं तोंड हँडलवर आपटतं आणि बापाचं वजन त्याच्या पाठीवर येतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मोठ्याच्या अंगाला बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ४० च्या आत. मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाला घालू नका, ते फिरून डोळ्यांवर येतं. आणि दहावीच्या पोराच्या हातात गाडी दिली तर कायद्याने २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा मालकाला होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, चाळीसगाव या भागांत रेल्वेलाइन ओलांडून शाळेत जाणारी मुलं आहेत. एक गाडी गेली की दुसऱ्या रुळावरून उलट बाजूने दुसरी येते, आणि पहिलीच्या आवाजात ती ऐकू येत नाही. भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. फाटक किंवा पादचारी पूल लांब असला तरी वाट तीच. उभ्या मालगाडीखालून जायचं नाही आणि वॅगनवर तर चढायचंच नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, हात लागायच्या आधीच ठिणगी उडून झटका बसतो.

फरशी, डोह आणि वाळूचे खड्डे

सातपुड्यात ढग फुटतो तेव्हा चोपडा, यावल, रावेर, शहादा भागातल्या नाल्याकाठी ऊन पडलेलं असतं. पाणी अर्ध्या-पाऊण तासाने येतं आणि एकदम येतं. खाली तापीकाठी हतनूरचे दरवाजे उघडले की पाऊस नसतानाही पातळी वाढते. धरणाला ४१ दरवाजे आहेत, त्यातले किती उघडले हे तलाठी आणि पोलीस पाटलांच्या निरोपातून कळतं. तो निरोप शाळेच्या ग्रुपवर त्याच मिनिटाला यायला हवा.

फरशीसाठी एकच नियम आणि तो सगळ्यांना सारखा: वाहणारं पाणी मुलाच्या घोट्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. पंधरा सेंटिमीटर वेगवान पाणी मोठ्या माणसाचेही पाय काढतं, तीस सेंटिमीटरला लहान मोटार तरंगायला लागते. गढूळ पाण्याखाली फरशी तशीच आहे की मधून वाहून गेली, हे वरून दिसत नाही. फरशीच्या दोन्ही टोकांना खांब रोवून घोट्याच्या उंचीवर, म्हणजे १० सेंटिमीटरवर, लाल पट्टा रंगवा. पट्टा बुडाला की फरशी बंद. शाळेने पावसाळ्याआधीच पत्र काढावं की त्या दिवशी पलीकडच्या मुलांची गैरहजेरी लागणार नाही. गैरहजेरीच्या आणि परीक्षेच्या भीतीनेच मुलं पाण्यात पाय घालतात. शाळा भरल्यावर पाणी वाढलं तर मुलांना घरी सोडायचं नाही. अलीकडच्या कोणत्या घरी कोणतं मूल राहील याची यादी जूनमध्येच करून ठेवायची.

गिरणा आणि तापीच्या पात्रात वाळू काढलेले खड्डे असतात, कुठे दहा फूट, कुठे पंधरा. पाणी भरलं की वरून सगळं गुडघाभर दिसतं. शाळा सुटल्यावर, आणि कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी किंवा गणपती बुडवायला, मुलं इथेच उतरतात. खड्ड्याच्या भोवती काटेरी फांद्या टाका आणि काठावर वीस मीटर दोर व झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन टांगून ठेवा. कोणी बुडताना दिसलं तर पाण्यात उडी न मारता कॅन फेकायचा. घाबरलेलं मूल वाचवायला गेलेल्या मित्राच्या गळ्याला मिठी मारतं आणि दोघं जातात. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासनलिकेत येतं. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी तीस दाब आणि दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीने, १०८ येईपर्यंत.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. बाभळीखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली किंवा विजेच्या खांबाजवळ नाही. शाळेने विजेची पूर्वसूचना देणारं दामिनी ॲप ठेवावं.

उन्हाळा

सकाळची शाळा अकरा-साडेअकराला सुटते तेव्हा ऊन भाजायला लागलेलं असतं. एक लिटरची बाटली, डोक्याला पांढरा रुमाल, पायात चप्पल नव्हे तर बूट. डांबर तापलेलं असतं. मुलगा चक्कर येते म्हणाला तर सावलीत आडवा करून मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका. अंग तापलेलं आहे आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा झोपाळतंय, तर हा उष्माघात आहे. तोंडात काही घालू नका, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं बरीच आहेत. त्यांचं कार्ड वर्गशिक्षकांकडे हवं. त्यांना तासातासाने पाणी प्यायला उठू द्यायचं, उन्हात पीटी नाही, थंडीत भिजू द्यायचं नाही. हातपाय दुखतात म्हणून रडलं तर कामचुकारपणा समजायचा नाही.

शाळेच्या आत

आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया हलतो आणि भिंतीला, विशेषतः कंपाउंडला, तिरक्या भेगा पडतात. भेग जिवंत आहे का ते बघायला तिच्यावर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी बसवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. ओळंबा सोडून झुकाव बघा. झुकलेली भिंत दुरुस्त होईपर्यंत तिच्या उंचीच्या दीडपट अंतरावर दोरी बांधून मुलांना लांब ठेवा. त्या भिंतीला टेकूनच मुलं डबा खातात. सरकत्या लोखंडी गेटला दोन्ही टोकांना अडसर हवा, रूळ सोडून पडलेलं गेट मुलावर येतं. जूनच्या वाऱ्याआधी पत्र्यांचे हूक आवळून घ्या. कूलर, मोटर आणि पत्र्याच्या खोल्यांसाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. बटण दाबल्यावर लाइट गेली नाही तर तो निकामी आहे.

पोषण आहाराच्या खोलीत तेलाचा, धान्याचा डबा जुना नको. कपाशीच्या भागात औषधाचे डबे धुऊन वापरायची सवय आहे आणि ती जीवघेणी आहे. बिहारमधल्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ ला २३ मुलं दगावली, कारण भाजीच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, आपल्याकडे कपाशीवर फवारत असत तेच. स्वयंपाकी ताई आणि एक शिक्षक यांनी आधी खायचं, अर्धा तास थांबायचं, चवीच्या रजिस्टरवर सही करायची, मग मुलांची पंगत. वास वेगळा आला तर सगळं फेकायचं, हिशोब नंतर. चूल छपराखाली आणि वर्गाला लागून नको: १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. वर्गाचे दोन्ही दरवाजे शाळेच्या वेळात बाहेरून कडीमुक्त हवेत.

सरपणाच्या ढिगात साप असतो, ढीग वर्गापासून लांब आणि जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. आश्रमशाळेत मुलं जमिनीवर झोपतात तिथे मण्यारीचा धोका मोठा. तिचा दंश फारसा दुखतही नाही आणि खूण दिसत नाही. पलंग, नीट खोचलेली मच्छरदाणी आणि रात्री बाहेर जायला बॅटरी, एवढं केलंच पाहिजे. चावला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं, भगताकडे नेणं यातलं काहीही नाही. पाय फळीला बांधून स्थिर करा, चावल्याची वेळ लिहा, मुलाला चालवू नका आणि सर्पदंशावरची लस असलेलं ग्रामीण रुग्णालय गाठा. लस कुठे आहे हे जूनमध्येच फोन करून विचारून ठेवा. कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, चुना-तिखट लावू नका, त्याच दिवशी रेबीजच्या लशीचा पहिला डोस द्या.

अंगाला हात लावणारा माणूस

बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो: ड्रायव्हर, शिकवणीचा सर, शेजारचा दादा, नातेवाईक. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघड झाली तेव्हा आरोपी शाळेचा सफाई कर्मचारी निघाला. म्हणून शाळेतल्या प्रत्येक माणसाची, कंत्राटी आणि व्हॅनवाल्यांसकट, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी हवी. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे बाई मदतनीसच हवी. तक्रारपेटी ऑफिसच्या दारात ठेवू नका, तिथे कोणी चिठ्ठी टाकत नाही. पाण्याच्या टाकीजवळ ठेवा, किल्ली एका शिक्षिकेकडे आणि एका पालक मातेकडे द्या.

मुलाला चार वाक्यं शिकवा: चड्डी-बनियनखालचा भाग माझा आहे. कोणी हात लावला तर ओरडायचं. तिथून निघायचं. कितीही शपथ घातली तरी घरी सांगायचं. मूल सांगायला लागलं तर ऐका, मध्ये थांबवू नका, "तू तिथे गेलीसच का?" हा प्रश्न जन्मात विचारू नका. त्याचेच शब्द वहीत लिहा, तेच तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. कपडे धुऊ नका. आरोपीकडे जाब विचारायला जाऊ नका, तो पळतो किंवा दबाव आणतो. ११२ किंवा चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन करा.

गावातच मिटवून घेऊ असं म्हणणारे भेटतील. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. जबाब मुलाच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत आणि आई-वडिलांसमोर घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव कोणत्याही ग्रुपवर टाकायचं नाही, सहानुभूतीने टाकलं तरी तो गुन्हाच.

हजेरीनंतरचा अर्धा तास

मूल घरातून निघालं आणि शाळेत पोचलं नाही, हे संध्याकाळी कळतं तेव्हा सहा-सात तास गेलेले असतात. यावर खर्च काहीच नाही, फक्त शिस्त लागते. पालकाने मूल पाठवणार नसेल तर घंटेच्या आधी एक मेसेज किंवा मिसकॉल द्यायचा. मेसेज नाही आणि मूलही नाही, तर घंटेनंतर अर्ध्या तासात वर्गशिक्षकांनी घरी फोन करायचा. फोन लागला नाही तर दुसरा नंबर, काका किंवा मामा, म्हणून हजेरीपटात प्रत्येक मुलापुढे दोन नंबर हवेत. शेतात रेंज नसते, तेव्हा तिसरा नंबर गावातल्या आशाताईंचा.

घरून "पोरगं तर निघालं होतं" असं उत्तर आलं की वाटेचा तो कागद काढायचा. एक जण शाळेकडून, एक जण घराकडून निघायचं, लाल खुणा आधी बघायच्या, त्या महिन्याच्या धोक्याची जागा सगळ्यात आधी: श्रावणात फरशी, मार्चमध्ये सावलीची झाडं आणि डोह. मग हिरव्या खुणांच्या घरी विचारायचं. या फेरीत मूल सापडलं नाही तर लगेच ११२ ला फोन. चोवीस तास थांबावं लागतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, हरवलेल्या मुलाची तक्रार पोलिसांना त्याच क्षणी घ्यावी लागते. सकाळी मुलाच्या अंगात काय होतं हे सांगता यावं म्हणून दप्तर आणि गणवेशासकट त्याचा चालू वर्षाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि दर जूनला तो बदला.